आधी साल सांगा, मग कोट काढतो

ट्रंकेचं झाकण उघडलं आणि वरच आठ निळे कोट दिसले. प्रत्येकाच्या दोन्ही खांद्यांवर सोनेरी झालरीचे गोंडे, छातीवर दोन रांगांत पितळी बटणं, बाहीवर सोनेरी पट्ट्या. इथं कोल्हापूरजवळ एका ऐतिहासिक माहितीपटाचं चित्रीकरण चालू होतं, कपडेपट माझ्याकडे होता, आणि हे कोट इंग्रज आरमाराच्या कप्तानांसाठी भाड्याने आले होते. मी दिग्दर्शकांना विचारलं, "प्रसंग कुठल्या सालचा?"

"कान्होजी आंग्र्यांचा. १७२१. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून येतात तो."

"मग यातला एकही कोट चालत नाही."

"मास्तर, कुणाला कळतंय?"

हा प्रश्न मी तीस वर्षं ऐकत आलोय. कळतं, हे माझं उत्तर. ज्याला कळत नाही त्याला आपण चुकीचं शिकवतो, आणि ते त्याच्या डोक्यात कायमचं बसतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये इंग्रज साहेब म्हणून पोरं जे घालतात ते सिनेमातूनच आलेलं असतं. म्हणून गणवेशाची ही भानगड नीट उलगडून सांगावी म्हणतो. आमच्या धंद्यात कोट हा आधी एक तारीख असतो, नंतर कापड.

त्या ट्रंकेतला एक कोट मी टेबलावर पसरला. खांद्यावरच्या झालरीच्या गोंड्याला एपोलेट म्हणतात. इंग्रजांच्या शाही आरमारात म्हणजे रॉयल नेव्हीत हे गोंडे नियमाने आले १७९५ साली. बटणावर नांगर होता आणि त्यावर मुकुट. नांगरावर मुकुट चढला १८१२ साली. बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांपैकी सगळ्यांत वरच्या पट्टीला एक गोल वळसा होता. तो वळसा १८५६ चा. एकाच कोटावर तीन सालं बसलेली, आणि तिन्ही कान्होजींच्या प्रसंगानंतरची. कान्होजी वारले १७२९ मध्ये. त्यांच्याशी लढायला आलेला इंग्रज कप्तान आपल्या पणतूचे कपडे घालून आला, असंच म्हणायचं.

मग १७२१ साली त्या कप्तानाने काय घातलं असेल? त्याला परवडेल ते. रॉयल नेव्हीच्या अधिकाऱ्यांना तेव्हा गणवेशच नव्हता. कुलाब्यावर आलेल्या शाही तांड्याचा प्रमुख कमोडोर थॉमस मॅथ्यूज होता. तो आणि त्याचे अधिकारी घालणार गुडघ्यापर्यंतचा लांब घेरदार कोट, मोठ्या दुमडलेल्या बाह्या, आत लांब वेस्टकोट, डोक्यावर केसांचा टोप आणि वर तीन कोनांची टोपी. रंग ज्याच्या त्याच्या आवडीचा. एक तपकिरी, एक राखाडी, एखादा शौकीन लालभडक. चार अधिकारी शेजारी उभे केले तर चौघं चार तऱ्हांचे दिसले पाहिजेत.

गणवेश आला १७४८ साली. तोही अधिकाऱ्यांनीच मागून घेतला. लष्करातल्या अधिकाऱ्याला त्याच्या कोटावरून लोक ओळखायचे, मान द्यायचे. आरमारातल्याला बंदरात उतरल्यावर कुणी ओळखत नसे. मग गडद निळा आणि पांढरा असा पोशाख ठरला. ठरला म्हणजे कसा? आजच्यासारखं मापांचं छापील पुस्तक कुणाच्या हातात दिलं नव्हतं. नमुन्याचे कोट ठरावीक कचेऱ्यांत ठेवले, शिंप्यांनी ते बघायचे आणि तसे शिवायचे. शिवणारा माणूस म्हणून मला यातलं मर्म लगेच समजतं. दहा शिंप्यांनी एकच नमुना बघितला तरी कोट दहा प्रकारचे होतात. एकाची कॉलर उंच, दुसऱ्याची झालर जाड, तिसऱ्याचा निळा जरा काळपट. त्यामुळे १७४८ नंतरचा प्रसंग असला तरी सगळे कोट साच्यातून काढल्यासारखे दिसले की ते खोटंच वाटतं. नव्या कोऱ्या, इस्त्रीच्या घडीतल्या कोटाबद्दल तर बोलायलाच नको. खारा वारा आणि ऊन निळ्या रंगाला महिनाभरात खांद्यांवर आणि पाठीवर फिकं करतात.

आपल्या इतिहासाच्या हिशेबाने हे १७४८ साल फार कामाचं आहे. महाराजांच्या राज्याभिषेकाला, १६७४ मध्ये, हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाऱ्यांचा वकील. आरमाराशी त्याचा संबंध नाही, गणवेशाचा प्रश्नच नाही, खांद्यावर गोंडे तर मुळीच नाहीत. १६७९ ची खांदेरीची लढाई, १७१८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नर बूनने खांदेरीवर केलेला हल्ला, १७२१ चं कुलाबा, हे सगळं १७४८ च्या आधीचं. या कुठल्याही प्रसंगात निळ्यापांढऱ्या गणवेशातला इंग्रज दिसला की समजावं, कपडेपटाने साल विचारलं नव्हतं.

फेब्रुवारी १७५६ मध्ये मात्र चित्र बदलतं. तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर ॲडमिरल वॉटसन आला तो रॉयल नेव्हीचा. त्याच्या अधिकाऱ्यांना निळा कोट शोभतो. पण खांदे तरीही मोकळेच हवेत, कारण गोंडे यायला अजून जवळपास चाळीस वर्षं आहेत. त्याच मोहिमेत क्लाइव्ह होता, तो जमिनीवरच्या फौजेचा. त्याला निळा चढवला की पुन्हा चूक.

आणि आपल्या कोल्हापूरचं सांगायचं तर सिंधुदुर्ग आणि मालवण करवीर राज्याकडे होते, हे आज इथल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नावही देऊन टाकलं, पुढे तो करवीरकरांना परत केला, आणि शेवटी १८१२ मध्ये मालवण इंग्रजांकडे गेलं. यावर कुणी चित्रपट काढला तर माझ्याकडून मी शिवणावळही घेणार नाही. पण काढणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. या किनाऱ्यावर कायम फिरणारी इंग्रज गलबतं बहुतेक कंपनीच्या स्वतःच्या आरमाराची असत, त्याला बॉम्बे मरीन म्हणायचे. राजाचं आरमार वेगळं, कंपनीचं वेगळं. नोकरी वेगळी, पगार वेगळा, मान वेगळा. दोघांना एकच कोट घालणं म्हणजे रेल्वेच्या टीसीला पोलिसाची वर्दी देण्यासारखं आहे.

आता त्या गोंड्यांकडे येतो, कारण सगळ्यांत जास्त घोळ तिथंच होतो. आपल्याकडे भाड्याने मिळणारा कोट बहुधा लग्नाच्या बँडवाल्यांच्या कोटाच्या घाटाचा असतो. त्यावरची झालर प्लॅस्टिकच्या जरीची, हलकी. कलाकार चालला की ती उडते. खरा गोंडा कलाबतूचा, म्हणजे धातूची तार पिळून केलेला. तो जड असतो, खांद्यावरून सरळ खाली लोंबतो आणि माणूस वळला की क्षणभर उशिराने वळतो. एवढ्या एका हालचालीवरून खरं-खोटं कळतं.

१७९५ च्या नियमात गोंडा शोभेचा नव्हता, ती भाषा होती. तीन वर्षांहून जुना कॅप्टन असेल तर दोन्ही खांद्यांवर गोंडे. नवा कॅप्टन असेल तर फक्त उजव्या खांद्यावर. त्याखालचा कमांडर असेल तर फक्त डाव्या. लेफ्टनंटला काहीच नाही. १८१२ मध्ये हे बदललं, लेफ्टनंटलाही उजव्या खांद्यावर एक साधा गोंडा मिळाला. त्या काळातला कुणीही खलाशी पन्नास पावलांवरून ओळखायचा की समोरून कोण येतंय. चित्रपटात लेफ्टनंटला दोन गोंडे लावले की शिपायाला फौजदाराचे तारे लावल्यासारखं होतं. शिवाय कलाकार त्या कपड्यात चुकीच्या तोऱ्याने चालायला लागतो, ते वेगळंच.

गोंडे नियमात येण्याआधी काही इंग्रज अधिकारी फ्रेंचांचं बघून हौसेने ते लावायचे. १७८३ मध्ये फ्रान्समध्ये असताना तरुण नेल्सनला, म्हणजे पुढे इंग्रजांचा प्रसिद्ध ॲडमिरल झाला त्याला, असे दोन अधिकारी दिसले. त्याला तो छचोरपणा वाटला, आणि कॅप्टन विल्यम लॉकर या आपल्या जुन्या वरिष्ठाला लिहिलेल्या पत्रात त्याने तसं लिहिलंही. पुढे त्याच नेल्सनच्या खांद्यावरचे गोंडे जगप्रसिद्ध झाले.

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या सागरी लढाईत त्याने घातलेला कोट ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये जपून ठेवला आहे. ऐतिहासिक चित्रपटाचा कपडेपट बघणाऱ्या प्रत्येकाने त्याचे फोटो एकदा तरी मोठे करून बघावेत. डाव्या खांद्याजवळ बंदुकीच्या गोळीचं छिद्र आहे. छातीवर चार मानचिन्हांचे तारे आहेत, ते पिन लावून अडकवलेले नाहीत, कापडावर शिवून टाकलेले आहेत. त्याचा उजवा हात १७९७ मध्ये गेला होता, म्हणून रिकाम्या उजव्या बाहीच्या टोकाला एक छोटा दोरीचा फास आहे, बाही कोटाच्या बटणाला अडकवून ठेवायला. तो फास बघितला आणि मला त्या अनोळखी शिंप्याबद्दल फार माया वाटली. गिऱ्हाइकाची गरज ओळखून त्याने बोटभर दोरी लावली, आणि दोनशे वर्षांनी तीच दोरी त्या माणसाबद्दल सगळ्यांत जास्त सांगते. हा कोट साधा, रोजच्या वापरातला आहे, दरबारी नाही. अधिकाऱ्याकडे समारंभाचा एक पोशाख असायचा आणि कामाचा एक. जुन्या तैलचित्रांत दिसतो तो जवळजवळ नेहमी समारंभाचा. आपण चित्र बघून कोट शिवतो आणि माणसाला तो घालून वादळात शिडावर पाठवतो. फोटो काढताना घातलेल्या शालूत बाई भाकऱ्या थापत नाही, हे कपडेपटात विसरलं जातं. आणि नेल्सनच्या डोळ्यावरची काळी पट्टी हीसुद्धा पडद्यावरची करणी, त्याने ती कधी बांधली नव्हती.

हे सगळं झालं अधिकाऱ्यांचं. साध्या खलाशांचं काय? आपल्याकडे १८५७ म्हटलं की उठाव आठवतो. त्याच वर्षी रॉयल नेव्हीच्या साध्या खलाशांना पहिल्यांदा अधिकृत गणवेश मिळाला. म्हणजे अधिकाऱ्यांनंतर तब्बल १०९ वर्षांनी. तोवर खलाशी जहाजावरच्या साठ्यातून तयार कपडे विकत घ्यायचे आणि पैसे पगारातून कापले जायचे. साठा एकच असल्यामुळे एका जहाजावरचे लोक साधारण सारखे दिसायचे, पण ती वर्दी नव्हती. त्यामुळे ट्रफाल्गरच्या किंवा त्याआधीच्या प्रसंगात पाठीवर चौकोनी निळी कॉलर, तीन पांढऱ्या रेघा, अशी खलाशांची फौज दिसली तर ती चूक आहे. त्या तीन रेघा नेल्सनच्या तीन विजयांच्या आणि गळ्यातला काळा रुमाल त्याच्या सुतकाचा, ही गोष्ट इतकी गोड आहे की ती कुणालाच सोडवत नाही. पण ती खरी नाही. काळा रुमाल तर नेल्सन मरण्याच्या कितीतरी आधीपासून खलाशांच्या गळ्यात होता, घाम टिपायला.

विसाव्या शतकात आलो की लोकांना वाटतं, आता सोपं झालं, फोटो आहेत. पण तिथं चुका आणखी बारीक होतात. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत तलवार या नाविक तळावर रॉयल इंडियन नेव्हीच्या नाविकांनी उठाव केला. त्यावर नाटकं होतात, लघुपट होतात. आणि टोप्या येतात आजच्या नौदलाच्या, त्यावर अशोकस्तंभाचे सिंह. १९४६ साली तिथं ब्रिटिश मुकुट होता. सिंह आले ते २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झाल्यानंतर. त्या तरुण पोरांनी ज्या चिन्हाविरुद्ध बंड केलं तेच टोपीवरून गायब केलं, तर मग बंड कशाविरुद्ध होतं हे बघणाऱ्याला कळायचं कसं? झेंड्याचं उलट होतं. आपल्या नौदलाच्या निशाणावर सेंट जॉर्जचा लाल क्रॉस २००१ पर्यंत होता, २००४ मध्ये तो परत आला आणि २ सप्टेंबर २०२२ ला कायमचा गेला. आज जे निशाण आहे त्यावरची अष्टकोनी निळी आकृती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे. १९७१ च्या युद्धाच्या चित्रपटात लाल क्रॉस खुपला तरी तो दाखवावाच लागतो.

काही वर्षांपूर्वी १९५९ मधल्या एका गाजलेल्या खटल्यावर बेतलेला हिंदी चित्रपट आला. नायक नौदलाचा कमांडर. त्याच्या छातीवर कारगिलच्या युद्धानंतरच्या पदकांच्या फिती होत्या, म्हणजे चाळीस वर्षं पुढच्या. माजी अधिकाऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं. आणखी एक गोष्ट त्यांनीच दाखवली, मिशी. त्या काळी नौदलात एकतर दाढी-मिशी दोन्ही ठेवायची, नाहीतर दोन्ही सफाचट. नुसती मिशी चालत नव्हती. म्हणजे गणवेश कोटावर संपत नाही, तो चेहऱ्यापर्यंत जातो.

अशा वेळी बरेच जण सांगतात, कायद्यानेच हुबेहूब गणवेश दाखवता येत नाही, म्हणून मुद्दाम चूक ठेवतात. हे मी पुष्कळ ठिकाणी ऐकलंय. जुन्या दंडविधानातलं १४० वं कलम सैनिक किंवा नाविक असल्याचं भासवून लोकांना तसं वाटावं या हेतूने वेश घालणाऱ्याबद्दल होतं. नट हा नट आहे हे सगळ्यांना माहीत असतं. चुकांचं खरं कारण साधं आहे. भाड्याच्या ट्रंकेत जे असतं ते अंगावर चढतं, आणि नायक गर्दीत उठून दिसायला हवा म्हणून त्याच्यावर सोनं जास्त लागतं.

आता आपल्या आरमाराबद्दल. माझा जीव खरा इथं अडकतो.

मराठा आरमाराला गणवेश नव्हता. यात कमीपणा काहीच नाही. त्याच काळात इंग्रजांनाही नव्हता, हे आत्ताच बघितलं. पण पडद्यावर आपण काय करतो? एकाच ठाणातून कापलेली भगवी मुंडाशी साठ जणांना बांधतो, खाली पांढरी स्वच्छ धोतरं, वर सारखे अंगरखे. लांबून छान दिसतं. त्या एका रंगाखाली कोण झाकलं जातं ते बघा. त्या गुराबांवर, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांवर, आणि गलबतांवर कोळी होते, भंडारी होते, गाबीत, खारवी, दालदी मुसलमान होते. प्रत्येकाची रुमाल बांधायची, कंबर कसायची तऱ्हा निराळी. शिडाच्या दोरावर चढणारा माणूस अंगभर कपडे घालत नाही. कमरेला घट्ट लंगोट किंवा आखूड कासोटा, डोक्याला उन्हापुरता रुमाल, पाय अनवाणी, कारण ओल्या फळीवर वहाण घसरते.

वरच्या लोकांचे कपडे वेगळे. जामा, कमरेला शेला, पगडी. त्यातही एक बारकावा आहे. जाम्याचे बंद हिंदू डाव्या बाजूला बांधत आणि मुसलमान उजव्या. शिवाजी महाराजांच्या आरमाराचे सरदार दौलतखान आणि मायनाक भंडारी शेजारी उभे असतील तर त्यांच्या बंदांच्या गाठी एकमेकांच्या विरुद्ध बाजूला दिसायला हव्यात. एका गाठीने त्या आरमारात कोण कोण खांद्याला खांदा लावून होतं ते कळतं, संवादाची गरज लागत नाही. ही गाठ मी आजवर पडद्यावर नीट बांधलेली क्वचित बघितली आहे.

रंगाचंही तसंच. कारखान्यातला पहिला कृत्रिम रंग, जांभळा, १८५६ मध्ये इंग्लंडात निघाला. त्याआधी नीळ, मंजिष्ठा, लाख, हळद. हे रंग धुतले की उतरतात, उन्हात विटतात, आणि विटल्यावरच सुंदर दिसतात. टेरिकॉटचा भगवा दिव्याखाली चकाकतो तो कॅमेऱ्याला लगेच दिसतो.

ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट पूर्ण केला, रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरेखुरे उभारलेले देखावे आणले, त्या गावात "कुणाला कळतंय" हे वाक्य मला सहन होत नाही. त्यांच्याकडे साधनं आमच्यापेक्षा किती कमी होती. कॅमेरासुद्धा त्यांनी स्वतः बनवून घेतला होता.

त्या माहितीपटाचं पुढे काय झालं तेही सांगतो. दिग्दर्शक माणूस चांगला, ऐकून घेणारा. मी त्यांना कोटावरची तिन्ही सालं बोटाने दाखवली. आठही कोट परत पाठवले. गावातल्या एका जुन्या नाटकाच्या ड्रेपरीत धूळ खात पडलेले लांब कोट मिळाले, दोन विटकरी, एक राखाडी, एक शेवाळी. रात्रभर बसून त्यांच्या बाह्या उसवल्या आणि रुंद दुमड शिवली. बटणं काढून कापडाने मढवली. सकाळी चार कप्तान चार रंगांत उभे राहिले तेव्हा दिग्दर्शक बराच वेळ काही बोलले नाहीत, मग कॅमेरा जवळ घ्यायला सांगितला.

खलाशांसाठी भगव्या मुंडाशांचा गठ्ठा आलाच होता. तो बाजूला ठेवला आणि जुनी सुती लुगडी फाडून रुमाल केले. रांगेत मालवणकडचा एक पोरगा होता, इथं कोल्हापुरात कामाला आलेला. मी त्याच्या डोक्याला रुमाल बांधायला हात पुढे केला तर तो म्हणाला, "थांबा मास्तर, आमचे आजोबा होडीत बांधतात तसं बांधतो." दोन वेढे, मागे गाठ, एक टोक मानेवर सोडलेलं, ऊन लागू नये म्हणून. त्याला मी हात लावला नाही. शेजारच्या चौघांना म्हटलं, त्याच्याकडून बांधून घ्या.